आवाज घोडीत हाय

कृपा दारात उभी राहून काहीतरी म्हणत होती. मला तिचे हलणारे ओठ दिसत होते, बाकी काही नाही. मी तारांवर पंजा ठेवला, हात कानामागे नेला आणि लगेच खाली घेतला. कानामागे हात नेला की माणूस म्हातारा दिसतो, आणि मी अजून सत्तेचाळीसचाच आहे.

"काय म्हणालीस?"

"बंद करा म्हणाले. तिसऱ्यांदा."

"पण कालच्यापेक्षा बरं वाटतंय ना?"

ती उत्तर न देता आत गेली. बायको उत्तर न देता आत गेली की ते उत्तर बहिऱ्यालाही ऐकू येतं.

त्या आठवड्यातली ती माझी अकरावी जोडणी होती. जोडणी म्हणजे एका टोकाला इलेक्ट्रिक गिटार, दुसऱ्या टोकाला आवाज मोठा करणारा ॲम्प आणि मधे पायाने दाबायच्या दोन-तीन डब्या, ज्यांना पेडल म्हणतात. एक पेडल आवाज फाडतं, एक लांबवतं, एक त्याला विहिरीत बोलल्यासारखं घुमवतं. कोणाच्या पुढे कोण लावायचं यावर सगळं अवलंबून. वेगवेगळी असताना गुणी वाटणारी दोन पेडलं एकत्र आली की भांडकुदळ होतात, हे मी महिनाभर भोगत होतो. भिंगारच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पाहुणे आले तर त्यांना स्वयंपाकघरात बसवायची वेळ आली होती, आणि पाहुण्यांनीही यायचं सोडलं होतं.

हे सगळं कशासाठी, तर प्रभुदास सरांच्या आवाजासाठी. सर वडाळ्याच्या, म्हणजे माझ्या जन्मगावच्या चर्चमध्ये पंचवीस वर्षं गिटार वाजवत होते. मला गिटार धरायला त्यांनीच शिकवलं. सर जाऊन आता तीन वर्षं होत होती आणि त्यांच्या स्मरणार्थ पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना ठेवली होती. चर्चच्या मंडळीने ठरवलं, उपासनेच्या सुरुवातीला सर एकटे वाजवायचे तसं या वेळी मार्कने वाजवायचं. मार्क म्हणजे मी. मी मान डोलावली. तेव्हा आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, नक्की काय म्हणाले तेही मला धड ऐकू आलं नव्हतं, कृपाने नंतर सांगितलं.

कारण माझे कान गेले आहेत. एमआयडीसीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपला बावीस वर्षं काढली. कानात घालायला बोळे मिळायचे, आम्ही ते खिशात ठेवायचो. बोळे घातले की फोरमनच्या शिव्या कशा ऐकू येणार, असा आमचा विनोद होता. नगरच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी माझ्या कानांचा आलेख काढून दाखवला. रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे जाता जाता सरळ खाली उतरली होती. "वरचे सूर गेलेत," ते कागदावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाले, "ते परत येणार नाहीत. खालचे आहेत, ते सांभाळा." कानात घालायचं मशीन घेतलं. त्याने बोलणं कळतं, पण गिटार पत्र्यावर खडे टाकल्यासारखी ऐकू येते. मशीन कपाटात गेलं. ही गोष्ट फक्त कृपाला माहीत होती आणि तिने ती कुणाला सांगायची नाही, अशी मी तिला शपथ घातली होती.

मग सरांच्याच आवाजामागे का लागलो? कारण तो मला शेवटपर्यंत ऐकू यायचा. सरांच्या शेवटच्या नाताळात पाळकसाहेबांचा उपदेश मला अर्धाच कळला होता, पण सरांची गिटार पूर्ण कळली होती. जाड, गरम आवाज. तो चर्चच्या लाकडी ओट्यावरून पायांत शिरायचा आणि छातीपर्यंत यायचा. तो आवाज सापडला तर मी अजून वाजवू शकेन, एवढी एकच आशा मला होती. नाही सापडला तर त्या रविवारी ताप आला म्हणून सांगायचं आणि नंतर कधी गिटारला हात लावायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. एकदा ठरवल्यावर मला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. रोज सकाळी उठून मी पहिल्यांदा चमचा पेल्यावर वाजवून बघायचो, काल ऐकू आला तेवढा आज येतो का.

आणि गंमत अशी की सरांची गिटार माझ्याचकडे होती. त्यांचा ॲम्पही. सर गेल्यावर त्यांच्या पत्नीने, भीमाबाईंनी, दोन्ही मला दिले होते. तीच गिटार, तोच ॲम्प, तोच शिष्य. आवाज मात्र जाग्यावर नाही. म्हणून तर एकामागून एक पेडलं आणत होतो. सर एकही पेडल वापरत नसत, हे मला माहीत होतं. पण बुडणारा माणूस हाताला काय लागतंय ते बघत नाही.

पहिला सराव तीन आठवडे आधीच्या रविवारी वडाळ्यात झाला. मी माझी अकरावी जोडणी लावली, ट्रेबलचं, म्हणजे वरचे सूर वाढवायचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा कुठे सूर थोडा दिसायला लागला. मी दिसायला म्हणतो, कारण सूर मला धुक्यातून दिसावा तसा ऐकू यायचा. की-बोर्डवर गावच्या शाळेतल्या पंकजा बाई होत्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, कानाने फार पक्क्या. मी दुसरी ओळ वाजवत असताना त्यांनी डावा हात की-बोर्डवरून उचलला आणि केस सारखे केल्याचं नाटक करत कानावर ठेवला. तो तिथेच राहिला. समोर बसलेल्या एका आजीने पदर डोक्यावरून दोन्ही कानांपर्यंत ओढला. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मी वाजवून संपवल्यावर पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी 'छान' अशी खूण केली.

परतताना कृपाने मोटारसायकलवर मागून माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली. ही आमची खूण, गाडीवर मला काहीच ऐकू येत नाही म्हणून. पांढरीच्या पुलाजवळ चहाला थांबलो. ती माझ्या समोर बसली, नीट तोंडासमोर, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमचा आवाज कानात सुई घातल्यासारखा येतो. सगळ्यांनाच. तुम्हांला कुणी सांगत नाही."

"सुई?"

"तुम्हांला वरचं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही वरचं वाढवत जाता. आम्हांला ते येतं हो ऐकू."

मी चहा तसाच ठेवला. मला तिचा इतका राग आला की तिथेच तिला सोडून निघावं असं वाटलं. मग कळलं, राग तिचा नाही. महिनाभर मी जिला सुधारणा समजत होतो ती माझ्या बहिरेपणाची जाहिरात होती आणि अख्ख्या मंडळीने ती हसतमुखाने ऐकून घेतली होती. मला लाज वाटली. भर रस्त्यावर कुणीतरी अंगातला सदरा काढून घ्यावा तशी.

"भीमाआत्यांना तरी विचारा," कृपा म्हणाली. "पंचवीस वर्षं त्यांच्यासमोर वाजवलं सरांनी. काहीतरी ठाऊक असेल."

पुढच्या शनिवारी मी गिटार पाठीला लावून एकटाच वडाळ्याला गेलो. भीमाबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणतो. त्या दारात उभ्या होत्या, मी अंगणातच उभा राहून विचारलं, "आत्या, सर आवाजासाठी काय करायचे? काही वेगळं लावायचे का?"

"मला काय कळतंय बाबा त्यातलं?" आत्या म्हणाल्या. "इचारलं की म्हनायचे, सगळा आवाज घोडीत हाय."

घोडी! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. गिटारच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला गिटारवाले ब्रिज म्हणतात, पण सतारवाले, दिलरुबावाले तिला घोडीच म्हणतात. आणि सर गिटारच्या आधी भजनात दिलरुबा वाजवायचे. म्हणजे सगळं त्या पट्टीत होतं आणि मी मूर्ख पेडलांच्या मागे लागलो होतो. मी तसाच वळलो, गाडीला किक मारली आणि थेट घोडेगाव गाठलं.

घोडेगावात मच्छिंद्रचं दुकान आहे. कर्णे, ॲम्प, बेंजो, काहीही दुरुस्त करतो. बेंजो पार्टीत स्वतः बेंजो वाजवतो, त्यामुळे त्याच्याशी बोलणं मला सोपं जातं. तो कुणाशीही ओरडूनच बोलतो.

"मच्छिंद्र, घोडी पाहिजे."

"घोडेगावात घोडी हुडकायला आलास व्हय? बाजार शुक्रवारी भरतो, मार्कराव. आन् वरात कुनाची हाय?"

मी चेष्टेच्या मनःस्थितीत नव्हतो. गिटार पुढे केली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "ही तर म्याच बसवलेली हाय. सरांची जुनी गंजली हुती, चार-पाच वर्सं झाली आसतील."

"आणि जुनी?"

"माझ्याकडं कायबी फेकत न्हाईत."

हे खरं होतं. त्याने बिस्किटांचे तीन डबे जमिनीवर पालथे केले. स्क्रू, बटणं, तुटके कर्णे, सेलफोनची पोटं. दोघे गुडघ्यांवर बसून तासभर शोधत होतो. शेवटी ती सापडली, हिरवट पडलेली, एका कोपऱ्यात घासलेली. मी प्रार्थना केली, दुकानातच, उघड्या डोळ्यांनी. मच्छिंद्रने ती घासून बसवली, तारा चढवल्या, ॲम्प लावला. मी वाजवलं.

काहीच नाही. म्हणजे आवाज आला असणार, कारण मच्छिंद्रने तोंड वाकडं केलं. पण माझ्याकडे जे पोचलं ते पूर्वीचंच, भिंतीपलीकडून कुणीतरी खरवडल्यासारखं.

"ट्रेबल कमी कर की," मच्छिंद्र ओरडला. "लई टोचतंय."

"कमी केला तर मला ऐकू—" मी म्हणालो आणि थांबलो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घालून सांडलेले स्क्रू एकेक करून डब्यात भरायला घेतले. मी निघेपर्यंत तो काही बोलला नाही, आणि मच्छिंद्र गप्प बसला हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे दोन आठवडे मी माणसात नव्हतो. घोडीत आवाज आहे म्हणजे आहे, सर खोटं बोलणार नाहीत, असं धरून मी पितळेची घोडी लावली, पोलादाची लावली, तिची उंची कागदाच्या जाडीने वर-खाली केली. जाड तारा, बारीक तारा. ॲम्प भिंतीकडे तोंड करून, ॲम्प पलंगावर, ॲम्प न्हाणीघरात. कारखान्यातून आलो की हातपाय न धुता बसायचो. एक दिवस पाणी प्यायला आत गेलो तर कृपा कानात कापूस घालून भाकऱ्या थापत होती. मला आलेलं बघून तिने चटकन एका कानातला कापूस काढला आणि मुठीत लपवला. घरात एकाला ऐकू येत नाही आणि दुसरी ऐकू येऊ नये म्हणून कापूस घालते. मला हसू आलं. ते हसू कधी फिरलं मला कळलं नाही, पण मी चुलत्याच्या मयतीलाही रडलो नव्हतो तसा ओट्याला टेकून रडलो. पीठ लागलेल्या हातांनी तिने माझं डोकं धरून ठेवलं.

"नका वाजवू," ती म्हणाली. डोकं तिच्या छातीला लागलेलं असल्यामुळे ते मला ऐकू आलं, दोन्ही शब्द, अगदी नीट. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

स्मरणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी ॲम्प गाडीला मागे बांधला आणि गिटार पाठीला लावली. दोन्ही आत्यांना परत देऊन यायचं आणि उद्याचा ताप आजच सांगून टाकायचा. घोडेगावातून जाताना मच्छिंद्रच्या दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे वडाळा बहिरोबाची पाटी लागली. जन्मगावाच्या नावाने वेडावून दाखवावं, तर ते असं.

आत्या पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर गिटार ठेवली, ॲम्प ठेवला.

"आत्या, हे तुमचं तुमच्याकडे. मला नाही जमत. घोडी बदलून बघितली, जुनीसुद्धा शोधून लावली. सरांचा आवाज येत नाही. उद्या मी नाही वाजवणार."

आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "घोडी लावली? कुठली घोडी?"

"ही." मी गिटारवर बोट ठेवलं.

आत्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि स्वतः बसल्या होत्या त्या बाकावर हाताने थाप मारली. "ही घोडी रं! त्या दिवशी तुला मागनं किती हाका मारल्या. म्हनलं, पडवीत हाय, घिऊन जा. तू वळला बी न्हाईस."

मी तो बाक पाहिला. सागवानी रुंद फळी, चार तिरके पाय आणि पायांच्या मधे फळ्या ठोकून केलेलं खोकं. मी तो शंभरदा पाहिलेला होता. चर्चच्या ओट्यावर भिंतीशी असायचा, त्यावर पांढरं कापड असायचं आणि सर त्याच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसून वाजवायचे. ॲम्प खाली खोक्यात असायचा. पोरांच्या पायात वायर येऊ नये म्हणून सर तसं करतात, असं आम्ही समजत होतो. गुडघे दुखतात म्हणून बसून वाजवतात, असंही समजत होतो.

"टांग टाकून बसायचे म्हनून घोडी म्हनायचे तिला," आत्या म्हणाल्या. "जुन्या चर्चंच्या बाकांच्या फळ्या हायेत ह्या. सुताराला म्होरं बसवून करून घेतली त्यांनी, ऐकू यायचं बंद झालं तवा."

"कुणाला?"

"कुनाला म्हंजी? त्यांनला. शेवटची नऊ वर्सं ठार बहिरे हुते की. हाडाला ऐकू येतं म्हनायचे. मला शपथ घातली हुती, कुनाला सांगायचं न्हाई."

मी खाली पायरीवर बसलो. आत्या बोलत होत्या आणि मी त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हतो. ते त्यांच्या लक्षात आलं. त्या मधेच थांबल्या.

"मार्क, तुला बी न्हाई ना रं येत ऐकू?"

मी निवडलेल्या मेथीकडे बघायला लागलो.

"नऊ वर्सं एका बहिऱ्याचा संसार केलाय म्या. वठांकडं बघनारी नजर मला कळती, लेकरा."

मला एक जुनी गोष्ट आठवत होती आणि ती आठवू नये असं वाटत होतं. आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्वतः एक चाल बांधली होती. सराव संपल्यावर सगळ्यांसमोर मी ती माझ्या साध्या गिटारवर सरांना वाजवून दाखवली. सर माझ्या बोटांकडे बघत होते. चाल संपली तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग बाकावर थाप मारून म्हणाले, "इथं ये, माझ्या शेजारी बस. ही गिटार घे आणि परत वाजव." मला वाटलं, लहान पोराला बोटं कशी ठेवायची ते शिकवायला बोलावतात तसं हे बोलावतायत, सगळ्यांसमोर. चाल आवडली नाही तर नाही म्हणावं. "राहू द्या, सर," मी म्हणालो आणि निघून आलो. दोन वर्षं त्यांच्या घरची पायरी चढलो नाही. पुढे जाणं-येणं सुरू झालं, पण ती चाल मी पुन्हा कुणापुढे वाजवली नाही आणि तो सल मनातून गेला नाही.

मी हे आत्यांना सांगितलं. माझा आवाज किती मोठा झाला होता ते मला ठाऊक नाही. शेजारचं कुत्रं उठून गेलं.

"मला म्हाईत हाय त्यो दिवस," आत्या म्हणाल्या. "घरी आले ते जेवले न्हाईत. म्हनले, पोरानं चाल बांधली, मला बोटं दिसली, चाल न्हाई ऐकू आली. शेजारी बस म्हनलो तर बसला न्हाई."

एवढ्याशा गोष्टीसाठी. एकाने सांगितलं नाही आणि दुसरा बसला नाही. मला सरांचा संताप आला, मेलेल्या माणसाचा येऊ नये तेवढा आला. एक शब्द बोलले असते तर? आणि लगेच मला माझं कपाटातलं मशीन आठवलं, कृपाला घातलेली शपथ आठवली, उद्याचा खोटा ताप आठवला. मी वेगळं काय करत होतो?

आत्या उठल्या. त्यांनी मेथी बाजूला केली, ॲम्प स्वतःच्या हातांनी खोक्यात सरकवला आणि पदराने फळी पुसली. "बस," त्या म्हणाल्या.

मी वायरी जोडल्या आणि टांग टाकून बसलो. सवयीने ट्रेबलच्या बटणाकडे हात गेला, तर ते आत खोक्यात होतं. आत्यांनी वाकून आत बघितलं. "त्ये बटान त्ये डावीकडं खाली ठिवायचे," त्या म्हणाल्या आणि स्वतःच फिरवलं. मी खालची तार छेडली.

ऐकू आलं म्हणू की आणखी काही म्हणू, मला सांगता येत नाही. तो सूर फळीतून माझ्या कमरेत शिरला, मणक्याने वर चढला आणि दातांत येऊन थांबला. मी दुसरी तार छेडली. तिसरी. वरच्या दोन तारा आल्या नाहीत, त्या आता येणारच नाहीत, पण बाकीच्या चार माझ्या अंगात उभ्या होत्या, प्रत्येक वेगळी. मी सरांचं गीत नाही वाजवलं. मी ती चाल वाजवली, आठ वर्षं बंद ठेवलेली, चार तारांवर उतरवून, अडखळत. माझे डोळे इतके भरले होते की बोटंही दिसत नव्हती. आत्या फळीच्या टोकाला हात टेकून उभ्या होत्या.

"त्यांचाच आवाज हाय," त्या म्हणाल्या. ते मी ओठांवरून वाचलं.

दुसऱ्या दिवशी घोडी टेम्पोतून चर्चमध्ये आली. मी कापड टाकून बसलो आणि वाजवलं. आधी सरांचं, मग माझं. पहिल्या ओळीला दोन-चार जुनी माणसं चमकून वर बघू लागली. त्या आजीने पदर कानांवर ओढला नाही. कृपा तिसऱ्या बाकावर होती, तिने मला दोन्ही रिकाम्या मुठी उघडून दाखवल्या. कापूस नव्हता.

उपासना संपल्यावर पंकजा बाई धावतच ओट्यावर आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता, त्या भराभर बोलत होत्या. 'मार्कदादा' कळलं, 'सर' कळलं, आणि 'काय लावलंत' एवढं कळलं. बाकीचं गेलं.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं: सगळा आवाज घोडीत आहे. ते म्हटलं असतं तर त्यांनी गिटारच्या ब्रिजकडे बघून मान डोलावली असती आणि मी सुटलो असतो. सर असेच सुटले होते.

"पंकजा बाई," मी म्हणालो, "मला ऐकू येत नाही."

ओट्याखाली उभी असलेली माणसं वळली, म्हणजे मी मोठ्यानेच बोललो असणार. बाईंचे ओठ थांबले. मग त्या काहीतरी बोलल्या, हळू, मान खाली घालून, आणि त्यातला एकही शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही.

मी घोडीवर मागे सरकलो आणि पुढ्यातल्या फळीवर, ओठ दिसतील अशा ठिकाणी, थाप मारली.

"इथे बसा," मी म्हणालो, "आणि परत सांगा."